तिरपे सर

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना शेत कधी सरळ बघता आलं नाही. मानवत-पाथरी एसटीत ते खिडकीशी अंग वळवून, मान एका खांद्यावर टाकून बसत. कॉलेजात सगळे त्यांना तिरपे सर म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

त्या काळी आमच्याकडे कापूस चौफुलीवर लावत. शेतात उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि फुली पडेल तिथे सरकी टाकायची. धावत्या गाडीतून असं शेत बघितलं, की झाडांच्या ओळी सटासट मागे जातात. नजर जरा तिरकी केली, की त्याच झाडांच्या वेगळ्या ओळी जुळतात. त्यांच्यातलं अंतर वेगळं, ठेकाही वेगळा. सर तो ठेका बोटांनी समोरच्या बाकावर धरत.

दुसरा नाद खिडकीचा. गाडी एका ठरावीक वेगाला आली की काच झिणझिणायला लागे, वेग वाढला की गप्प होई. काच वाजली की सर बोट वर करत. "आला!"

"सर, आता एसटीची परीक्षा घ्यायलात का?" कंडक्टर वैतागे.

"पास हाय तुमची गाडी," सर म्हणत. "कवा बोलायचं ते तिला कळतंय."

पुढे मी दूरच्या एका प्रयोगशाळेत लागलो. तिथे आम्ही वेगवान आयन स्फटिकातून पाठवत असू. स्फटिकातले अणू चौफुलीच्या कपाशीसारखेच ओळीने उभे असतात. जवळून जाणाऱ्या आयनाला प्रत्येक अणूचा झटका बसतो. आयनात उरलेल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर जायला जो ठेका लागतो, तोच या झटक्यांचा असला, की तो उडी मारतो. एरवी त्यासाठी बाहेरून प्रकाश टाकावा लागतो, इथे लागत नाही. एका सुट्टीत त्याच एसटीत सरांशेजारी बसून मी त्यांना हे सांगितलं, आणि यंत्राचा वेग थोडाथोडा बदलणं फार अवघड आहे, अशी तक्रारही केली.

"अरे गजा, डायवर तुझ्यासाठी गाडी हळू करणार हाय का? शेत तिरपं कर की."

स्फटिक तिरपा करायची रीत जगाला आधीच माहीत होती, माझ्या वरिष्ठांनीही ती मला शिकवली होती. पण मला ती कळली एसटीच्या त्या बाकावर.

काही वर्षांनी परभणीत माझं व्याख्यान झालं. कापूस, एसटी, काच असं सगळं मी सांगितलं आणि सभागृह खूश झालं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "हे उदाहरण तुम्हाला कुठं सुचलं?" तिरपे सर पहिल्याच रांगेत होते, मान खांद्यावर टाकून. मी म्हणालो, "एसटीत, तुमच्या वयाचा असताना." टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या.

बाहेर ते एवढंच म्हणाले, "झकास सांगितलंस. काचेचं तेवढं घाईत उरकलंस. ती थोडी वाजू द्यायची."

त्यांचं नाव न घेतल्याबद्दल सरांनी मला माफ केलं, असं समजून मी सुटलो. सर वारल्यावर त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो, तेव्हा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ते कापसाचं उदाहरण त्यांनी वर्गात सांगायचंच सोडलं होतं. पोरं म्हणायची, सर, तुमी तुमच्याच विद्यार्थ्याची कॉपी करायलात. ते घरी येऊन हसायचे." मग म्हणाल्या, "हसायचे, पण नंतर जेवताना बोलायचे न्हाईत."

म्हणून हे लिहितो आहे. ते शेत, तो ठेका, ती काच सरांची. मी फक्त ऐकलं होतं.

मागच्या महिन्यात पाथरीला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता सोयाबीन. यंत्राने पेरलेलं, ओळी एकाच दिशेच्या. तिरपं बघून काही जुळत नाही. पण गाडीने वेग घेतला आणि काच झिणझिणली. माझं बोट आपोआप वर गेलं.

"काय झालं काका?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"हे आमच्या सरांचं हाय," मी म्हणालो.

"काच व्हय?" त्या म्हणाल्या. "मग धरा की दाबून. लय वाजायलीय."

मी हात लावला नाही. वाजू दिली.