मामांची मागे राहणारी थाप

अंबाजोगाईत तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. एकात मी शिकवायचो; म्हणजे विद्यार्थ्यांच्या दोन धडे पुढे असायचो, इतकंच. कुणीतरी दिलेल्या सीडीत गाणी रचायचं एक सॉफ्टवेअर सापडलं. 'ट्रॅकर' म्हणायचे त्याला. त्यात ना पेटी, ना सारेगम. पडद्यावर आकड्यांच्या ओळी वरून खाली सरकायच्या. एकेक आवाज रेकॉर्ड करायचा आणि तो कुठल्या ओळीत वाजवायचा ते लिहायचं. मी भजनं लिहायचो, पण चालीच्या नावानं बोंब. या सॉफ्टवेअरच्या मी प्रेमातच पडलो.

त्याच सुमारास माजलगावचे मामा दवाखान्यासाठी मामीसह आमच्याकडे राहायला आले. त्यांचं कापडाचं दुकान, पण गावात ओळख ढोलकीची. लकव्यानं उजवा हात गेला आणि भजनी मंडळानं दुसरा वादक धरला. मामी रोज तेल चोळायची आणि म्हणायची, "हात येतोय बघा, मग वाजवाल." मामा मात्र घरात रेडिओसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

मी म्हणालो, "मामा, डाव्या हातानं एकेक थाप तर मारता येईल?"

"एका थापेचं काय भजन होतंय बे?"

तरी रविवारी ते माझ्याबरोबर रिकाम्या क्लासात आले. मागून आणलेल्या ढोलकीची डाव्या हातानं एक बाजू वाजवली, मग ती फिरवून त्याच हातानं दुसरी. पाच-सहा बोल मिळाले. पडद्यावर दर चौथी ओळ उजळ दिसायची. ती बघत मामा अंगठ्यानं बोटांवरच्या खुणा मोजायला लागले. एका बोटावर तीन रेषा आणि टोक मिळून चार, चार बोटांवर सोळा. "याला घाबरायचं कावून बे? ही तर बोटं हायत!" मग ते सांगायला लागले: "दुसऱ्या बोटाच्या तिसऱ्या खुणेवर धुम." मी सातव्या ओळीत लिहायचो. इंग्रजीचं अक्षर न येणारा हा माणूस तासाभरात माझ्या पुढे गेला होता. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

त्या ठेक्यावर मी माझं एक भजन म्हणायला लागलो, तर शब्द मावेनात. "तितं शब्द नको," मामा अडवायचे. "गाणाऱ्याला दम खाऊ दे की." माझी लाडकी विशेषणं अशी एकेक करून गेली आणि भजन पहिल्यांदाच भजनासारखं झालं.

सगळं जुळवून वाजवलं. मामांनी मान हलवली. "बरं हाय. पन ह्यो मी न्हाई."

आवर्तनाची शेवटची थाप ते नेहमी जरा मागे ठेवायचे. त्यावरून मंडळात वर्षानुवर्षं भांडणं झाली होती. ट्रॅकरमध्ये थाप उशिरा वाजवायचा एक आकडा होता. तो टाकला. "अजून मागं." वाढवला. "लई झालं, येवढा बी आळशी नव्हतो मी." तिसऱ्यांदा ते डोळे मिटून बसले. "हां. आता हाय."

कॅसेट भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरी बाहेरच्या खोलीत लावली. सुरुवातीला नुसती ढोलकी होती. मामा कॉटवर बसले होते, उजवा हात मांडीवर. दोन आवर्तनं झाली आणि स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. कितीतरी महिन्यांत तिला इतकं खुशीत ऐकलं नव्हतं.

"अवं, हळू! पैल्याच दिवशी हाताला लई तान देऊ नका."

मी तिला सांगायला उठलो. मामांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.