धुतलेल्या टाकीचं पाणी

मुलींनो, आठवतं? शाळेत इन्स्पेक्टर येणार म्हटलं की सिस्टर आपल्याकडून बाकं घासून घ्यायच्या आणि मोडक्या खुर्च्या मागच्या खोलीत लपवायच्या.

माझी ती सवय अजून गेली नाही. आमच्या उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलच्या सांडपाण्यासाठी सेंट्रिफ्यूज घ्यायचं होतं. हे यंत्र पाणी गरगर फिरवून गाळ वेगळा करतं. कंपनीची माणसं नमुना न्यायला येणार, म्हणून मी आदल्या दिवशी टाकी धुऊन घेतली. पाहुण्यांना घाण कशी दाखवायची? त्या स्वच्छ नमुन्यावरून त्यांनी लहान मशीन सुचवलं. मी घेतलं.

आज ते गाळाने तुंबलं आणि काळं पाणी शेजारच्या देवकाबाईंच्या धानाच्या पऱ्ह्यांत, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या रोपांत शिरलं. लावणी चार दिवसांवर आलेली.

ऑपरेटर सुखरामभाऊ म्हणाले, "म्याडम, मी तं म्हनलो होतो, गढूळ पानीच द्या. मशीनसमोर कायची लाज?"

देवकाबाई एवढंच बोलल्या, "तुमची टाकी चकाचक, अन् माहे पऱ्हे काळे!"



घरी सांगून ठेवलंय. आमच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले पऱ्हे आधी देवकाबाईंना, उरले तर आम्हाला. गढूळ पाण्याची बाटली कंपनीला. आणि नवं मशीन कोणतं, तो निर्णय सुखरामभाऊंना.