बोटं दिसली पाहिजेत

शेंडकर बाई हातात कधी काही धरत नसत. बारामतीच्या मंडईत गेल्या तरी पिशवी खांद्याला, छत्री काखेत, पर्स गळ्यात. कुणी चहा पुढे केला की म्हणायच्या, "टेबलावर ठेवा. हात भरले की मी मुकी होते." आमची शाळा कर्णबधिर मुलांची. बाई तिथं शिकवत आणि मी लिपिक, म्हणून सगळे मला भाऊसाहेब म्हणत.

बाईंनी बारा-तेरा वर्षं खुणांच्या भाषेतले व्हिडिओ करून ठेवले होते. वर्गाच्या भिंतीसमोर उभ्या राहून त्या गोष्टी सांगत, बँकेचा फॉर्म कसा भरायचा ते सांगत, पोटात दुखलं तर डॉक्टरला नेमकं काय दाखवायचं ते सांगत. पाळी, लग्न, एसटीचं तिकीट, घरातलं मरण, काही सुटलं नव्हतं. असे साडेतीनशेच्या वर व्हिडिओ दोन हार्ड डिस्कमध्ये पडून होते. एकेक इतका मोठा की मुलांच्या साध्या मोबाईलवर मावायचाही नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी आम्ही निमगाव केतकीला वैशालीकडे गेलो. ही शाळेतली सगळ्यांत बडबडी मुलगी. जेवतानासुद्धा तिचे हात थांबत नसत. लग्न होऊन ती पानमळा असलेल्या घरात गेली होती. बाईंना पाहून रडली, मग बोलायला हात वर केले आणि ते तसेच हवेत राहिले. पाच वर्षांत त्या घरात तिच्याशी कुणी खुणांनी बोललंच नव्हतं. ये, जेव, चल, झोप, एवढंच उरलं होतं. सासू वाईट नव्हती. कौतुकानंच म्हणाली, "लई शानी हाय बाई. हातानं दावलं की समदं करती. बोलायचं कामच पडत न्हाय."

परतीच्या एसटीत बाई इंदापूर रस्त्याकडे बघत बसून होत्या. तशाच म्हणाल्या, "वाळली हो तिची भाषा. भाऊसाहेब, तिच्याकडे मोबाईल आहे. मी रोज तिच्या घरी जाऊ शकत नाही. पण माझे हात जाऊ शकतील ना?"

मी म्हणालो, "व्हिडिओ लहान करायचं काम माझ्यावर सोपवा."

बाईंचे डोळे साखरेनं तेव्हाच बिघडायला लागले होते, उपचार चालू होते. त्यांना त्रास नको म्हणून मी न विचारताच सगळं उरकलं. चित्र बारीक केलं, आवाज काढून टाकला आणि सेकंदाला पंचवीस चित्रं असतात त्यांतली दहाच ठेवली. बाईंचा चेहरा ओळखू येत होता. मी तेवढंच पाहिलं. चाळीस मुलांना मेमरी कार्डं पोस्टानं पाठवली. यात दोन महिने गेले होते.

मुलांकडून एकच उत्तर आलं, कळत नाही. बाईंनी एक कार्ड मोबाईलमध्ये घालून पाहिलं. खूण सुरू व्हायची आणि एकदम संपलेलीच दिसायची, मधली हालचाल गायब. बोटं एकमेकांत कालवल्यासारखी. बाई रागावल्या नाहीत. "भाऊसाहेब, तोतरी केलीत की मला," म्हणून हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जळोचीला त्यांच्या घरी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी पंचवीसच्या पंचवीस चित्रं ठेवायची, त्याऐवजी भिंत छाटायची, कमरेखालचं छाटायचं. केलेला प्रत्येक व्हिडिओ बाई स्वस्तातल्या मोबाईलवर शेवटपर्यंत बघत. "बोटं दिसली पाहिजेत. बाकी मी नाही दिसले तरी चालेल." दिवसाला एक व्हायचा, फार तर दोन. एखाद्या शब्दाला करंगळी पुसट वाटली की तो पुन्हा.

डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सांगितलं होतं. त्यानंतर चार दिवस काम थांबे. "एवढे पन्नास होऊ द्या, मग जाऊ," असं त्या म्हणत. तारीख पुढे ढकला म्हणून दवाखान्यात फोन मीच करायचो. दोनदा केला. तिसऱ्यांदाही केला.

एका सकाळी त्या मोबाईल नाकाशी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा बिघडलेला दिसतोय हो. बोटंच नाहीत याच्यात."

मी पाहिलं. व्हिडिओ स्वच्छ होता.

पुढे पुण्याला नेलं, शस्त्रक्रिया झाली, उशीर झाला होता. एकशेवीस व्हिडिओ झाले होते, तेवढेच नव्या कार्डांवर मुलांना पाठवले. उरलेले मी करून टाकू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तपासणार कोण? तुम्ही?" त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. हार्ड डिस्क कपाटात गेल्या.

मे महिन्यात वैशाली सासूबरोबर जळोचीला आली. मी तिथंच होतो. ती बाईंसमोर उभी राहिली आणि बोलू लागली. थांबेचना. हात भराभर चालत होते, भुवया चढत होत्या, मध्येच ती हसत होती, मध्येच डोळे पुसून पुन्हा सुरू. शाळेत होती तशी. बाई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या, पण त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

"बांगड्या वाजतायत," त्या म्हणाल्या. "वैशाली बोलतेय ना? काय म्हणतेय, भाऊसाहेब?"

एकोणीस वर्षं मी त्या शाळेत नोकरी केली. हजेरी, दाखला, सुट्टी, जेवण, एवढ्या खुणा मला येत होत्या. मी सासूकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय, भाऊसाहेब? दुसरं कार्ड आलं तवापास्नं घरात अशीच एकटी हात हलवत बसती."

मी बाईंना म्हणालो, "बरी आहे म्हणतेय. तुमची आठवण येते म्हणतेय."

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. "एवढा वेळ हात हलले, आणि एवढंच?"

माझ्या खिशात मोबाईल होता. वैशालीचं बोलणं त्यात घेतलं असतं, शाळेतल्या कुणालाही दाखवलं असतं, संध्याकाळपर्यंत बाईंना शब्द न् शब्द कळला असता. ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

त्याच पावसाळ्यात बाई गेल्या. दिवस झाल्यावर मी शाळेतल्या एका शिक्षिकेला घेऊन निमगावला गेलो आणि तिच्याकरवी वैशालीला विचारलं, त्या दिवशी बाईंना काय सांगत होतीस? वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मग दोनच खुणा केल्या.

शिक्षिका खाली बघून म्हणाली, "बाईंना सांगितलंय, म्हणते."

त्या दिवशी मला बाईंशी बोलताना तिनं पाहिलं होतं. तिला वाटतंय, बाईंना कळलं. मी ते तसंच राहू दिलं.