मशीनला म्हटलं, सावकाश होऊ दे

मंडळी, आज शिकागोच्या एका म्युझियममध्ये मी चक्क एका मशीनला जेवायचा आग्रह केला!

प्रदर्शन एका बेल्जियन कलाकाराचं. लोकांना डिवचायची त्याला भारी हौस. आधी डुकरांच्या पाठीवर टॅटू काढले, मग माणसाच्या पोटासारखं अन्न पचवणारं हे मशीन बनवलं. एका टोकाला जेवण, दुसऱ्या टोकाला... समजून घ्या. माझी लेक "सो ग्रॉस, आई!" म्हणत बाहेर पळाली.

तेवढ्यात म्युझियमच्या एका बाईंनी मशीनच्या तोंडात पास्ता घातला आणि मी सवयीने म्हणून गेले, "सावकाश होऊ दे हं."

मागे पांढऱ्या केसांचे एक काका एकटेच उभे होते. ते हसले. मग हळूच मराठीत म्हणाले, "आमची ही गेल्यापासून हे आज पहिल्यांदा ऐकलं. आता मी किचनमध्ये उभ्या उभ्याच जेवतो."

"या ना एकदा जेवायला," मी म्हटलं. "येऊ की," म्हणाले आणि गर्दीत गेले. नंबर घ्यायचं मला सुचलंच नाही यार.

मशीनलासुद्धा कोणीतरी वेळेवर भरवतं.

इथे कोणी ओळखतं का त्यांना? सांगाल? रविवारी आमच्याकडे त्यांचं पान वाढलेलं असेल. बसून जेवायचंय म्हणावं.