काळजी करू नकोस, ती माझ्याकडेच आहे

जर्मनीतल्या एर्लांगेन गावी आमच्या कोरसमध्ये सगळ्या साठीच्या आसपासच्या बायका. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये तालीम, नंतर केक. यंदा आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी लोकगीतं काढली. चाली इतक्या गोड की पहिल्या दिवशी मी बसमध्येही गुणगुणत होते. घरी येऊन शब्द नीट वाचले तेव्हा कळलं. एकीला दिवस गेले म्हणून प्रियकर तिला फिरायला नेतो आणि नदीत ढकलतो. एकीनं लग्न ठरवताना भावाला विचारलं नाही, तर तो तिला लग्नाच्याच दिवशी भोसकतो. सात गाणी, सात मुली, आणि एकही शेवटपर्यंत जगत नाही.

"हो, पण ते फार जुनं आहे," मी हे बोलून दाखवलं तेव्हा शेजारी बसलेली बाई केक खाता खाता म्हणाली. लहानपणी आम्हीही भोंडल्यात फेर धरून सासुरवासाची गाणी म्हणायचो आणि गाणी संपली की खिरापत ओळखायला धावायचो.

पाचव्या गाण्याला मात्र मी अडले. त्यातली मुलगी घरातून पळून एका म्हातारीकडे येते. म्हातारी तिला चुलीपाशी बसवते, जेवू घालते आणि गुपचूप तिच्या भावांना निरोप धाडते. म्हातारीच्या ओळी खालच्या पट्टीत गाणाऱ्या आम्हा चौघींना होत्या.

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मुलगी माझ्या दारात उभी होती. लग्न होऊन नुकतीच पुण्याहून आलेली. अंगात जॅकेट नाही, पायात घरातल्या सपाता. नवरा इथेच सॉफ्टवेअरमध्ये, गणपतीत आमच्याकडे आरतीला यायचा, वागायला अगदी नम्र. "काकू, थोडा वेळ बसू का?" एवढंच ती म्हणाली. मनगट सुजलं होतं. आपला पासपोर्ट तो ऑफिसच्या बॅगेत घेऊन जातो, हे तिनं दुसऱ्या चहाला सांगितलं.

"नवीन संसार आहे, होतं असं," मी म्हटलं. "उपमा टाकते."

आणि रवा भाजता भाजता त्याला फोन केला. "काळजी करू नकोस, ती माझ्याकडेच आहे." मनात काही वाईट नव्हतं. कुणाची सून अशी आली की आधी तिच्या घरी निरोप द्यायचा, हे मी आईकडून शिकले होते आणि ते मला फार शहाणपणाचं वाटायचं.

तो अर्ध्या तासात आला. बूट दाराशी नीट जोडून ठेवले, "थँक्यू काकू" म्हणाला. तिनं उपमा तसाच ठेवला. सपाता घालताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला तिचा राग आला होता, इतकं केलं तरी म्हणून. आता माझाच येतो.

पंधरा दिवसांनी त्यांच्या बेलवर दुसरंच नाव होतं. कुणी म्हणालं फ्रँकफर्टला गेले, कुणी म्हणालं तिला पुण्याला धाडलं.

हे गाणं मी गाणार नाही, असं मी बाईंना सांगून पाहिलं. "अहो, तीनच तर ओळी आहेत," त्या म्हणाल्या. कार्यक्रमात गायले. कुठे चुकले नाही. गाण्यातल्या मुलीचं पुढे काय झालं ते हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं आणि टाळ्या झाल्या.

घरी येऊन फोन हातात घेतला, म्हटलं त्या पुण्याच्या मुलीला एकदा विचारावं, कशी आहे. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. त्या दुपारीही नव्हता. मी घेतलाच नव्हता. होता तो त्याचा.