सव्वा इंचाचा खड्डा

इमामचाचा मणेर कुठल्याही वस्तूवर आधी टिचकी मारत आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवत. बांगड्यांच्या धंद्यात जन्म गेलेला. दोन काकणं एकमेकांवर हलकेच आपटायची आणि कान द्यायचा. चिरलेलं काकण बद्द वाजतं, ते बाजूला. ही सवय हाडात इतकी मुरली होती की मडकं, खांब, कलिंगड, सगळ्यांवर त्यांचं बोट वाजे. मी पहिल्यांदा त्यांच्या ओटीवर गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या मोजपट्टीच्या पितळी डबीवर टिचकी मारली, मान हलवली आणि म्हणाले, "नाद चांगला हाय. बसा."

मी गेलो होतो घर बघायला. भाटघरच्या धरणाच्या कामावर मी मोजणीदार होतो. ते काम आटोपल्यावर भोरमध्येच कचेरीत चिकटलो. आम्ही माणसं सात आणि खोली दीड. त्यातली पूर्ण खोली दहा फूट बाय साडेनऊ. गावात मोटारी येऊ लागल्या तशी बाजारपेठ वाढली आणि आमच्या घरमालकाला त्या खोलीचं दुकान करावंसं वाटू लागलं. दिवाळीच्या आत जागा रिकामी करा, असं त्याने हसतमुखाने सांगितलं होतं.

इमामचाचांचं घर बाजारामागच्या गल्लीत, सात घरांच्या एका ओळीत होतं. सातांना मिळून एकच आढं, आणि दर दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत. घर भक्कम होतं, भावही वाजवी होता. तरी ते आठ महिने विकलं जात नव्हतं, कारण ते दाखवत होते स्वतः इमामचाचा.

"बाई काकण घेती तवा आदी चीर बगती, मग रंग," ते म्हणत. "तुमालाबी आदी चीर दावतो."

आणि त्यांनी दाखवायला सुरुवात केली. जिन्याची तिसरी पायरी निसटते. पावसाळ्यात माजघराच्या आग्नेय कोपऱ्यात दोन ठिकाणी गळतं. ठिकाणं त्यांनी काठीने दाखवली. न्हाणीचं पाणी परसात जात नाही, उलट फिरतं. "आन् ही भिंत," माजघराच्या भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, "हिच्या पल्याड कोंडाबाई. तिची म्हस पहाटे वरडती. म्हस गप बसली की कोंडाबाई वरडती."

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "मनेरा! माज्या म्हशीचं नाव काडू नगं! तुज्या पन्हळीचं पानी माज्या गोवऱ्यांवर पडतंय त्ये सांग की गिऱ्हाइकाला!"

"त्येबी सांगनार हाय!" चाचा ओरडले, आणि मला हळूच म्हणाले, "पन्हळ ऱ्हायली हुती. लिवून घ्या."

मी खरंच लिहून घेत होतो. माझ्याआधी आलेली बहुतेक गिऱ्हाइकं चौथ्या-पाचव्या दोषाला चपला शोधू लागत. एक व्यापारी तर पायरी निसटते हे ऐकूनच गेला. पन्हळीपर्यंत पोचलाच नाही. गल्लीत सगळे म्हणत, म्हाताऱ्याला घर विकायचंच नाही. पण तसं नव्हतं. त्यांची नजर अधू झाली होती. लाल आणि केशरी काकणांत त्यांची गल्लत होऊ लागली होती, आणि एका नव्या नवरीला त्यांनी हिरव्या चुड्यात एक निळं काकण भरलं तेव्हा त्यांनी स्वतःच पेटी बंद केली. पुण्यातला मुलगा कधीपासून बोलावत होता. त्यांना जायचं होतं. फक्त खोटं सांगून जायचं नव्हतं.

मी ते घर चार वेळा मोजलं. आमची मंडळी म्हणाली, "घर काय दर खेपेला वाढणारे का? मोजून झालं असेल तर घ्या एकदाचं. माझी चूल आणि तुमचं अंथरूण यांत दीड हात अंतर आहे, तेही मोजा." तिचं बरोबर होतं. पण चौथ्या खेपेला मला एक गोष्ट सापडली. माजघराच्या त्या सामाईक भिंतीत, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, वाटीएवढा खड्डा होता. खोली सव्वा इंच. चाचांनी सांगितलेल्या एकोणीस दोषांत तो नव्हता.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. एवढा सचोटीचा माणूस, आणि नेमकं हेच लपवलं. मी वही उघडून स्पष्ट विचारलं, "चाचा, विसावा दोष सांगायचा राहिला."

ते भिंतीजवळ आले. चाचपून त्यांनी त्या खड्ड्यात हाताची मूठ ठेवली. ती तिथे बरोबर बसली.

"ही चीर न्हाई, सायेब," ते म्हणाले. "कोंडाबाई पल्याड एकटीच हाय. नवरा गेला, पोरगी मार्गासनीला दिलेली. रोज सकाळी म्हशीची धार काडली की ती हितं भितीवर बत्ता ठोकती. ठोकलं की म्या समजतो, बाई जिती हाय. मग म्या उलट ठोकतो, की ऐकलं बरं. वीस-बावीस वर्सं झाली. भितीला खड्डा पडनारच की."

"आणि दिवसभर भांडता ते?"

"त्ये येगळं. म्हशीचं भांडान म्हशीपाशी."

मग त्यांनी घराची खरी अट सांगितली. भावात काही कमी करायला ते तयार होते, पण जो घर घेईल त्याने तो खड्डा बुजवायचा नाही आणि रोज सकाळी उलट ठोकायचं. आधीच्या दोघाच गिऱ्हाइकांनी सगळे दोष पत्करले होते. ही अट ऐकून एक हसला, म्हणून त्याला घर दिलं नाही. दुसरा "बघू" म्हणाला. "बगू म्हंजे बद्द," चाचा म्हणाले. "नाद न्हाई त्येला."

मी म्हणालो, "अट कबूल. पण सगळं लेखी असावं."

खरेदीखत लिहिणाऱ्या गृहस्थांनी टाक खाली ठेवला. "अहो, पूर्वेस कोंडाबाईचे घर, पश्चिमेस रस्ता, असं सगळं मी घालतो. पण रोज भिंतीवर ठोकणे हे कुठल्या दिशेला घालू? आणि नाही ठोकलं तर दावा कुणी करायचा, भिंतीने?" मी आग्रह धरला, तशी इमामचाचांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली. पितळी डबीवर मारली होती तशीच. "ऱ्हाऊ द्या लिवनं," ते म्हणाले. "वाजलं बराबर." दस्त त्या कलमाशिवायच झाला. माझ्या आयुष्यात मी लेखी न घेता केलेला तो एकमेव करार.

दिवाळीच्या चार दिवस आधी चाचा मोटारीने पुण्याला गेले. जाताना कोंडाबाई दारात आली नाही. आतूनच ओरडली, "पन्हळ न्हाई केली नीट त्यी न्हाईच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून भिंतीपाशी उभा राहिलो. धार काढून झाली, आणि पलीकडून ठोके आले. मी मोजले. तीन. मीही मूठ खड्ड्यात घालून तीन ठोके दिले, समान अंतराने. पुढच्या क्षणाला कोंडाबाई बत्त्यासकट आमच्या ओटीवर उभी.

"कोन हाय त्ये? चोर हाय का काय?"

"मीच, कोंडाबाई. चाचांनी सांगितलंय. तीन ठोकायचे ना?"

"तीन काय! मनेर दोन ठोकायचा, वाईच थांबायचा, मंग एक. तुमी खिळा मारल्यावानी मारलं. माजी म्हस दचाकली."

आकडा बरोबर होता, ताल चुकला होता. मोजणाऱ्या माणसाचं हे असं होतं. मी क्षमा मागितली आणि म्हणालो की तुमची खुशाली कळावी म्हणून रोज ठोकेन, काळजी नको.

कोंडाबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी तिच्या म्हशीला लंगडी म्हटलं.

"माजी खुशाली? मला काय झालंय? बायकू गेल्यावर मनेर दोन दिस भाकर न खाता बसला हुता त्या खोलीत. तवापासनं म्या ठोकते. उत्तर आलं म्हंजे मनेर उटलाय, हे समजावं म्हून. त्याच्यापायी ठोकत हुते म्या! माज्यापायी म्हनं!"

वीस-बावीस वर्षं दोघंही एकमेकांवर उपकार करत होती, आणि दोघांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. आमची मंडळी आतून म्हणाली, "मग आता काय, कोंडाबाई? बंद करायचं?"

कोंडाबाईने आमच्या घरातली माणसं नजरेने मोजली. "तुमी सात जन. तुमची खबर घ्याया नगंच तसं." मग जाता जाता म्हणाली, "पर ठोकायचं असंल तर धड ठोका." त्यानंतर ती रोज सकाळी ठोकत राहिली, मी उलट ठोकत राहिलो, आणि माझा ताल रोज चुकत राहिला.

इमामचाचांच्या मुलाची पत्रं अधूनमधून येत. एकदा त्याने लिहिलं होतं की अब्बा पुण्याच्या खोलीतही रोज सकाळी भिंतीवर ठोकतात. पलीकडचा बिऱ्हाडकरू चिडून घरी येऊन गेला. पुढच्या पत्रात होतं की आता तो बिऱ्हाडकरूही रागाने उलट ठोकतो, आणि अब्बा फार खूश आहेत. म्हणतात, नाद आला.

तीन वर्षांनी पोस्टकार्ड आलं. चाचा सकाळी उठलेच नव्हते. पलीकडच्या बिऱ्हाडकरूनेच ते प्रथम ओळखलं होतं. ठोके आले नाहीत म्हणून तो दार वाजवायला आला.

मी ते कार्ड कोंडाबाईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग "बरं" म्हणाली आणि म्हशीला पेंड घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी धार काढल्याचा आवाज आला, बादली ठेवल्याचा आला, पण भिंत गप्प. आमच्या घरात सातही माणसं त्या भिंतीकडे बघत उभी. मी घड्याळ बघितलं. नेहमीपेक्षा अकरा मिनिटं जास्त झाली होती. शेवटी मी मूठ खड्ड्यात ठेवली. दोन. थांबलो. एक.

बराच वेळ काही नाही. मग पलीकडून बत्ता वाजला. दोन, थोडं थांबून एक. आणि पाठोपाठ आवाज, "आलं बराबर! तीन वर्सं लागली मोजणीवाल्याला!"

तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. कोंडाबाई आणि तिची म्हैस सोडली तर घराचे बाकी सगळे दोष मी काढून टाकले, पन्हळसुद्धा. खड्डा काल पुन्हा मोजला. सव्वा इंचाचा आता दीड इंच झाला आहे. गवंडी घरी आला की पहिल्यांदा तेवढाच बुजवायला धावतो. त्याला मी दर वेळी सांगतो, तिथे हात लावायचा नाही, ती चीर नव्हे.