पायाला मुंग्या येतात

आमच्या नाटक कंपनीत राजा मी होतो, पण मला राजा करणारे टाकेमास्तर. कपडेपट त्यांच्याकडे. दुसऱ्या घंटेला फाटलेली बाही तिसऱ्या घंटेच्या आत शिवून देणारा माणूस! माझं पोट सुटलं तेव्हा त्यांनी अंगरख्याच्या कुशीत असं बेमालूम कापड घातलं, की प्रेक्षकांना मी शेवटपर्यंत सडपातळच वाटलो.

कंपनी बंद पडली. मी घरी बसलो, मास्तर बसले नाहीत. दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी मशीन मांडलं आणि अभ्रे, पडदे, शाळेचे गणवेश शिवू लागले. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. पायडल मारता मारता ते म्हणायचे, "राजे, लोकांचं पोट हातावर, माझं पायावर."

त्या घरात मुंग्या झाल्या.

टाकेवहिनींचं घर म्हणजे आरसा. तरी बाथरूमच्या भिंतीतल्या भेगेतून बारीक काळी रांग निघायची. वहिनी पदर खोचून लढाईला उतरल्या. खडूच्या रेघा ओढल्या, साबणाचं पाणी ओतलं, भेगेत सिमेंट भरलं. दोन दिवस सामसूम, तिसऱ्या दिवशी रांग हजर. शेजारीण दारातून म्हणाली, "बरंच गोडधोड होतंय वाटतं तुमच्याकडे!" हा टोमणा वहिनींना फार झोंबला.

त्याच दिवसांत मास्तर म्हणू लागले, "अगं, पायाला मुंग्या येतात गं."

"येतील नाहीतर काय! बिस्किटं खाता आणि चुरा खाली सांडता."

"त्या मुंग्या नव्हेत गं..."

"मग कुठल्या? माझ्या माहेरच्या?"

मी तिथेच होतो. खो खो हसलो आणि वर माझीही भर घातली, "मास्तर, गोड माणूस कोण ते मुंगीलासुद्धा कळतं!" टाळी घ्यायची सवय, जित्याची खोड. मास्तरही हसले. नंतर चार-सहा वेळा पुन्हा म्हणाले, मग म्हणायचे थांबले. वहिनींनी पलंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मशीनच्या पायांखालीही ठेवल्या. मास्तरांचे पाय मात्र कुणी पाहिले नाहीत.

सहा महिन्यांत फवारणीवाला दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं पंप खाली ठेवला आणि बाथरूमच्या दारात उकिडवा बसून रांगच बघत राहिला.

"मारा की फवारा," वहिनी म्हणाल्या.

"बाई, फवाऱ्यानं दिसतात त्या मरतात. राणी असते भिंतीत, ती अंडी घालतच राहते. आणि एका मुंगीला खाणं सापडलं की परत जाताना ती वासाची वाट सोडत जाते, बाकीच्या त्या वाटेनं येतात. वाट पुसून भागत नाही. खाणं तिथंच असलं तर दुसरी वाट पडते." त्यानं स्वयंपाकघराकडे मान वळवली. "तुमच्या स्वयंपाकघरात एक मुंगी नाही. मग इथं त्यांना काय मिळतंय?"

"बाथरूममध्ये कसलं खाणं?" वहिनी तडकल्या.

रांगेला दोन तोंडं होती. एक लघवीच्या जागेशी, दुसरं खुंटीवरच्या मास्तरांच्या पायजम्यात. त्यानं आवाज उतरवला. "घरात साखर कुणाला आहे?"

"साखरेचा डबा मी पाण्यात ठेवलाय!"

"डब्यातली नाही हो बाई. अंगातली."

वहिनींनी पायजम्याकडे पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मास्तरांना दवाखान्यात घेऊन गेलो. साखर भयंकर वाढलेली होती. डॉक्टरांनी मोजे काढायला लावले. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. टाच सुजून पिकली होती आणि आत मशीनच्या सुईचा तुकडा रुतलेला होता.

"ही कधी घुसली?"

"कळलं नाही," मास्तर म्हणाले. आयुष्यभर सुयांमध्ये वावरलेला माणूस!

"पायाला मुंग्या येत होत्या का?"

"हो. पुष्कळ दिवस."

"मग घरात कुणाला सांगितलं नाही?"

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. मास्तरांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," ते म्हणाले.

उजवा पाय गुडघ्याखालून गेला. डावा आहे, पण पायडल दाबलं की नाही, ते त्याला कळत नाही. आता मशीनला हातानं फिरवायचं चाक बसवलंय. वहिनी स्टुलावर बसून चाक फिरवतात, मास्तर दोन्ही हातांनी कापड सरकवतात. दोघांची लय काही जमत नाही, टीप नागमोडी जाते. मास्तर "हळू" म्हणत नाहीत. वहिनीही विचारत नाहीत.

परवा वहिनी बाजारात गेल्या तसा मास्तरांनी सकाळी शिवलेला गणवेश उसवायला घेतला.

"मास्तर, हळू फिरवा म्हणून एकदा सांगून टाका ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू, राजे? मी तोंड उघडलं की ती आधीच रडायला लागते."

ब्लेडनं ते एकेक टाका सोडवत राहिले. बाही सुटली, मग दुसरी बाही, मग कॉलर. गणवेशवाली बाई संध्याकाळी न्यायला येणार होती. सगळे तुकडे मांडीवर आले, तेव्हा त्यांनी ते नीट एकावर एक रचले आणि मशीनवर, वहिनींच्या चाकाशी ठेवून दिले.